गरोदरपणात पोटदुखी, सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, आता एमआरआय सांगितलाय. करावा का?

पेडणेकरीण
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. पहिलटकरीण, सहावा महिना लागलाय. काल संध्याकाळपासून पोटात उजव्या बाजूला खाली दुखतंय, दोनदा उलटी झाली, अंग किंचित गरम. म्हापशाला एका इस्पितळात दाखल केलंय. सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे, ठोके व्यवस्थित, पण रिपोर्टात 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलंय. रक्तात पांढऱ्या पेशी चौदा हजार. सर्जन म्हणतात, एमआरआय करून घेऊ, मग ऑपरेशनचं ठरवू.

तिच्या सासरी यावरून गोंधळ उडालाय. सासूबाई म्हणतात, एवढ्या मोठ्या मशीनमध्ये पोटुशी बाईला घालायचं नाही, बाळाला किरणं लागतील. त्या वाईट नाहीत, जिवापाड करतात तिचं. म्हणूनच त्यांना पटेल असं काहीतरी मला सांगायचंय. नुसतं 'डॉक्टर म्हणतात म्हणून' असं सांगून चालणार नाही. ज्यांनी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. मी रात्रभर जागीच आहे.

म्हादई
करा. माझ्या जावेला सातव्यात केला होता, बांबोळीला. मुलगी आता शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते.

क्षकिरण
मी इस्पितळाच्या एक्स-रे-सोनोग्राफी विभागात काम करतो. पेशंट समोर नसताना निदान सांगणार नाही, पण तपासण्यांबद्दल लिहितो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: एमआरआयमध्ये किरणं नसतात. ते चुंबकाचं आणि रेडिओलहरींचं काम आहे. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. क्ष-किरण असतात ते एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांसारख्या तपासण्यांत. सासूबाईंच्या मनात जी भीती आहे ती या दोन तपासण्यांची आहे, एमआरआयची नाही. त्यांना एवढं जरी नीट सांगितलंत तरी अर्धं काम होईल.

दुसरं, 'अपेंडिक्स दिसले नाही' याचा अर्थ 'अपेंडिक्स चांगले आहे' असा नाही. सोनोग्राफीत आम्ही प्रोबने (पोटावर फिरवतात त्या उपकरणाने) हळूहळू दाब देत आतड्यातला वायू बाजूला सारतो. चांगलं अपेंडिक्स त्या दाबाखाली चेपतं, सुजलेलं चेपत नाही. पण सहाव्या महिन्यात गर्भाशय बेंबीपर्यंत आलेलं असतं, दाब देता येत नाही, आतडी वर ढकललेली असतात. अपेंडिक्स न दिसणं हे या दिवसांत फार वेळा होतं, त्यात सोनोग्राफी करणाऱ्याचा दोष नाही. तो रिपोर्ट म्हणजे प्रश्न अजून शिल्लक आहे एवढंच.

तिसरं, पांढऱ्या पेशी. गरोदरपणात त्या एरवीही वाढतात. पंधरा-सोळा हजारांपर्यंतचा आकडा निरोगी बाईतही सापडतो. म्हणजे चौदा हजारांवरून सर्जनला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. उलट्या तर गरोदरपणात कुणालाही होतात. एरवी ज्या खुणांवर डॉक्टर भरवसा ठेवतात त्या सगळ्या इथे धूसर होतात, आणि म्हणूनच फोटो लागतो.

आता थांबण्याबद्दल. गरोदरपणात प्रसूतीशी संबंध नसलेलं जे तातडीचं ऑपरेशन सगळ्यांत जास्त वेळा करावं लागतं ते अपेंडिक्सचं. साधारण दीड हजार गरोदरपणांत एकदा. वेळेवर काढलं तर बाळ जाण्याचा धोका थोडा असतो. फुटून पोटात पू पसरला तर तो कित्येक पटींनी वाढतो. बाळाला खरा धोका आहे तो या उशिराचा. दुखणं वाढलं, पोट कडक झालं, ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच उठवा.

पेडणेकरीण
@क्षकिरण, देव बरें करूं. हे सगळं मी तिच्या नवऱ्याला वाचून दाखवते.

जुनाजाणता
माझा या सगळ्याला विरोध आहे असं नाही, पण एक सांगतो. आमच्या घरात पाच बाळंतपणं झाली, एकाही वेळी मशीन नव्हती. सुईण हात लावून सांगायची, मूल आडवं आहे की उभं. आता डोकं दुखलं तरी स्कॅन. माझ्या नातसुनेच्या फायलीत सोनोग्राफीचे इतके कागद आहेत की फाईल बंद होत नाही. गरज असेल तिथे कराच, पण प्रत्येक दुखण्याला तपासणी हे मला पटत नाही. आणि एक्स-रेची भीती आमच्या पिढीने काही हवेतून आणलेली नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगितलं होतं की पोटुशीचा एक्स-रे काढू नका.

प्रसूतिकक्ष
आजोबा, सुईणीच्या हाताला माझाही नमस्कार आहे. पण तेव्हा ज्या बाया पोटदुखीने गेल्या, त्या कशाने गेल्या हे कुणालाच कळलं नाही.

क्षकिरण
@जुनाजाणता, एक्स-रेबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. एके काळी बाळंतपणाआधी आईच्या कटीच्या हाडांचं माप घ्यायला पोटाचा एक्स-रे सर्रास काढत. इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांमध्ये गरोदरपणी एक्स-रे काढलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. त्यांच्यावर बरीच टीका झाली, मान्यता मिळायला वर्षं लागली. आणि १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा निबंध आला. पुढे गर्भारपणातल्या एक्स-रेची जागा सोनोग्राफीने घेतली. तेव्हा तुमच्या पिढीला जे सांगितलं ते त्या काळी योग्यच होतं.

पण मात्रा लक्षात घ्यायला हवी. किरणांचं माप मिलिग्रेमध्ये धरतात. आपण काहीही न करता, नुसतं जमिनीतून आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे नऊ महिन्यांत बाळाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच. छातीच्या एक्स-रेतून बाळाला मिळतात ते जास्तीत जास्त एक शतांश मिलिग्रे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण १० ते २५, कधी थोडे अधिक. आणि ५० मिलिग्रेच्या खाली व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं आढळलेलं नाही. पुढे बालपणी कॅन्सर होण्याची शक्यता सीटीने थोडी वाढते, हे लपवायचं कारण नाही. ल्युकेमियाचं (रक्ताच्या कॅन्सरचं) म्हणाल तर मुळात सुमारे तीन हजारांत एक असलेली शक्यता १०-२० मिलिग्रेमुळे दीड ते दोन पट होते असं धरतात. म्हणजे तरीही ती फार कमीच राहते. म्हणूनच आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, आणि ते नाहीच जमलं आणि जीव अडकला तर सीटी, हा क्रम ठेवलाय.

ऊठसूट स्कॅन नको हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. कुठल्याही तपासणीआधी डॉक्टरांना विचारावं, हिचं उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार आहे का? तसं असेल तर ती तपासणी नको. पेडणेकरीणबाईंच्या बहिणीच्या बाबतीत एकीकडे ऑपरेशन आहे आणि दुसरीकडे औषधं. तिथे ही तपासणी बरंच काही ठरवणार आहे.

सुरंगी
माझा अनुभव. चवथीच्या आधी, पाचव्यात होते. तयेचा (हरतालिकेचा) उपास करू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, मी निर्जळी नाही पण फराळ करून केला, आणि दुसऱ्या दिवशी नेवऱ्या, पातोळ्या, भजी, सगळं खाल्लं. रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की श्वास घेता येईना. घरच्यांना वाटलं अपचन. ओव्याचं पाणी, हिंगाचा लेप, सगळं झालं. पहाटे इस्पितळ. सोनोग्राफीत दोन मिनिटांत दिसलं, पित्ताशयात खडे आणि पित्ताशयाच्या भिंतीला सूज. डॉक्टरांनी समजावलं की गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे पित्ताशय सुस्त होतं, पित्त साचून राहतं, खडे होतात. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफीसारखी तपासणी नाही, दुसरं काहीच करावं लागलं नाही.

औषधांनी शांत झालं, पण पंधरवड्यात परत तेच. शेवटी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, बाळ पोटात असताना. दुसरी तिमाही त्यासाठी सोयीची, असं सर्जन म्हणाले. सासरी तेव्हाही असाच कल्लोळ झाला होता. माझ्या आईने एकच वाक्य सांगितलं, 'माझी मुलगी राहिली तर नातू राहील.' मुलगा पूर्ण दिवसांचा झाला, नॉर्मल.

आबोली
@सुरंगी, आईंना साष्टांग.

मला एक विचारायचंय, जरा विषयाला सोडून आहे. मला मूतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफीला पाठवलं तर तिथे गरोदर आहे म्हटल्यावर फॉर्म भरून घेतला, ओळखपत्र मागितलं, 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' यावर सही घेतली. मी कळवळत होते आणि ते कागद भरत होते. पोटातल्या खड्यासाठी हे कशाला?

क्षकिरण
तो 'फॉर्म एफ'. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. गरोदर बाईची सोनोग्राफी कुठल्याही कारणाने केली तरी नोंद ठेवावी लागते, कारण प्रोब पोटावर ठेवला की बाळ दिसतंच. तुम्हाला त्रास झाला हे खरं, पण त्या कागदांमुळे किती मुली वाचल्या असतील याचा विचार केला की मला तो फॉर्म भरताना कधी कंटाळा येत नाही. ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्येच ठेवावी, म्हणजे वेळ जात नाही.

मूतखड्याबद्दल: गरोदरपणात उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणं हे नेहमीचं आहे, कारण वाढतं गर्भाशय उजवीकडे झुकतं आणि मूत्रनलिकेवर दाब येतो. त्यामुळे रिपोर्टात किडनीला सूज वाचून लगेच खडा आहे असं समजू नये. आम्ही मग डॉपलर (प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून मूत्राशयात दोन्ही बाजूंनी लघवीचे फवारे येतात का ते पाहतो. एका बाजूचा फवारा नसेल तर अडथळ्याचा संशय बळावतो.

काणकोणचा
चर्चा छान चाललीय, पण सगळे म्हापसा-पणजीच्या अंगाने बोलतायत. आमच्याकडे काणकोणात रात्री एमआरआय लागला तर काय? मडगाव गाठायचं, नाहीतर थेट गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज). पावसात करमल घाटातून पोटात दुखणाऱ्या बाईला नेणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. सत्तरी तालुक्यातल्या लोकांचंही तेच. माझ्या चुलतबहिणीला एका खाजगी ठिकाणी (नाव लिहीत नाही) गरोदर म्हटल्यावर सीटीला हातच लावला नाही. एमआरआय त्यांच्याकडे नव्हता. दुसरीकडे जा म्हणाले. दुसरीकडे पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. ती वाचली, बाळ महिनाभर आधी झालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. अजून आठवलं की हात थरथरतात. सुरक्षित तपासणी, सुरक्षित तपासणी म्हणून तासन् तास फिरवायचं, ही कसली सुरक्षितता?

क्षकिरण
@काणकोणचा, तुमचा राग रास्त आहे. मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की एमआरआय वेळेत मिळत नसेल आणि निदान अडलं असेल तर केवळ गरोदर आहे म्हणून सीटी नाकारू नये. अपघाताच्या केसमध्ये तर प्रश्नच नाही, महामार्गावर गाडी ठोकून आलेल्या गरोदर बाईचा सीटी आधी, कारण आई गेली तर बाळ कुठून राहणार. सीटीचा नकार ही सावधगिरी वाटते, पण तिची किंमत पेशंट मोजतो.

लांबच्या लोकांनी १०८ बोलवावी. गाडीतून फोन करून इस्पितळात 'गरोदर, पोटदुखी, इतके महिने' एवढं आधी कळवलं तरी तयारी होते.

प्रसूतिकक्ष
आता माझं ऐका, मी प्रसूतिकक्षातली नर्स. इथे सगळं मशीनभोवती फिरतंय म्हणून लिहिते.

दोन दुखणी अशी आहेत की त्यांत फोटोच्या मागे लागून वेळ घालवू नये. एक, पोट अचानक दगडासारखं कडक होणं, दुखणं थांबतच नाही, सोबत रक्तस्राव, कधी रक्त आतच साठतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ही वार (प्लेसेंटा) सुटण्याची लक्षणं. सोनोग्राफीत वार सुटलेली बऱ्याच वेळा दिसतच नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरी झोपवलं तर अनर्थ. तिथे हात, नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके बघून निर्णय होतो.

दोन, उजव्या बरगडीखाली किंवा छातीखाली मधोमध दुखणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, पायाला-तोंडाला सूज. @सुरंगीसारखे पित्ताचे खडे असतीलही, पण आधी रक्तदाब मोजा. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या एका गंभीर प्रकारात यकृतावर परिणाम होतो, प्लेटलेट उतरतात. त्याचं निदान रक्ताच्या तपासणीत होतं. अपचन समजून सोडा पीत बसलेली बाई मी पाहिली आहे, तिचा रक्तदाब १८० होता. सातव्या महिन्यानंतर बरगडीखाली दुखलं तर ओव्याच्या पाण्याआधी रक्तदाब, एवढं प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

क्षकिरण
पूर्ण अनुमोदन. वरचा प्रतिसाद सगळ्यांनी जपून ठेवावा.

तांबडीमाती
मी इंटरनेटवर वाचलं की एमआरआयमध्ये जे इंजेक्शन देतात ते बाळाला घातक असतं. मग सुरक्षित कसं?

क्षकिरण
इंजेक्शनबद्दल बरोबर वाचलंत. ते गॅडोलिनियमचं. ते वारेतून बाळाकडे जातं. कॅनडातल्या ओंटारिओत १४ लाखांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. त्यात पहिल्या तिमाहीत नुसता एमआरआय झालेल्यांच्या बाळांना अपाय दिसला नाही, पण गॅडोलिनियम दिलेल्यांमध्ये मृतजन्म आणि नवजात मृत्यूचं, तसंच मुलांना पुढे सांध्यांचे आणि त्वचेचे दाहाचे विकार होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून गरोदरपणात ते टाळतात, अगदी अडलं तरच. अपेंडिक्स पाहायला त्याची गरजच नसते. @पेडणेकरीण, मशीनवर जाण्याआधी 'इंजेक्शनशिवाय ना?' एवढं विचारून घ्या, विचारण्यात काही गैर नाही.

म्हादई
जावेच्या अनुभवावरून तयारीचं सांगते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं घरी काढून ठेवा. जावेची बांगडी निघता निघेना, साबण लावून काढली, तोवर तिचा नंबर मागे गेला. आत खूप खडखड आवाज येतो, कानाला बोळे आणि हेडफोन देतात. सरळ उताणं झोपवू लागले तर डाव्या कुशीला कलण्यासाठी उशी मागा, सहाव्यानंतर उताणं झोपून गरगरतं. हातात एक फुगा देतात, घाबरलात तर दाबायचा. तिला वीसेक मिनिटं लागली असतील.

जुनाजाणता
@पेडणेकरीण, तुमच्या बहिणीच्या सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, मी त्यांच्याच वयाचा आहे. मशीनमध्ये किरणं नाहीत हे वाचून माझं समाधान झालं. स्कॅनचा अतिरेक नको हे माझं मत कायम आहे, पण ही वेळ त्यातली नव्हे. रवळनाथ पाठीशी आहे.

पेडणेकरीण
काय झालं ते लिहिते, उशीर झाला. सासूबाईंना मी फोनवर आजोबांचा प्रतिसाद आणि सुरंगीच्या आईचं वाक्य वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, 'मी येते सोबत.' सकाळी स्वतः तिच्या पिना काढल्या.

एमआरआय झाला, इंजेक्शनशिवाय. अपेंडिक्स दिसलं, आणि ते अगदी चांगलं आहे! गर्भाशयाला बाहेरून, उजव्या बाजूला मागे एक फायब्रॉइडची (कॅन्सर नसलेली, गर्भाशयाच्या स्नायूंची) गाठ आहे, तिच्यात रक्तपुरवठा अडून आत रक्त साकळलंय आणि दुखणं त्याचं आहे. ऑपरेशन नको. विश्रांती, सलाईन, दुखण्याचं औषध, आणि लक्ष ठेवायचं. आज ताप नाही, पेज प्यायली.

सुरंगी
बरें जालें! डोळ्यांत पाणी आलं वाचून.

क्षकिरण
फार छान बातमी. गरोदरपणात फायब्रॉइड भराभर वाढतात, रक्त अपुरं पडतं आणि मग असं होतं. दुखणं अपेंडिक्ससारखंच, ताप आणि पांढऱ्या पेशीही वाढतात. गाठ मागच्या बाजूला असल्याने सोनोग्राफीत सुटली असावी. एमआरआय ऑपरेशन करायला सांगतो तसं ऑपरेशन टाळायलाही सांगतो. उगाच पोट उघडणं हेही बाळासाठी जोखमीचंच असतं.

दोन गोष्टी. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या किडनीवर आणि तिसऱ्या तिमाहीत हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम करतात, डॉक्टर देतील तेच. आणि एमआरआयची फिल्म-रिपोर्ट प्रसूतीच्या फायलीला लावा. गाठ कुठे आहे हे प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं.

काणकोणचा
बहिणीला शुभेच्छा. आमच्या तालुक्यात एमआरआय कधी येणार यावर वेगळा धागा काढतो, तिथे सगळ्यांनी यावं.

तांबडीमाती
@पेडणेकरीण, एमआरआयनंतर बाळाची परत सोनोग्राफी सांगितली का? माझ्या वहिनीलाही पुढच्या आठवड्यात जायचंय म्हणून विचारतेय.

पेडणेकरीण
एमआरआयमुळे म्हणून नाही सांगितली. गाठ किती वाढते ते बघायला तीन आठवड्यांनी बोलावलंय, त्यातच बाळाची वाढ बघतील. वहिनींना काही विचारायचं असेल तर मला निरोप टाका, बहिणीशी बोलणं करून देते.